माझ्या नावावरचं तुमचं रक्त

दादा, काल तुमच्या काट्यावर नवीन माणूस बसला. तिशीचा असेल. कानात इअरफोन, समोर मोबाईल. गाडी काट्यावर चढली, ड्रायव्हर आत बसलेलाच, आणि ह्याने वजन लिहून चिठ्ठी हातात दिलीसुद्धा. मी समोरच्या गाळ्यातून बघत होतो. आता तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढाल आणि ओरडाल, "उतर रं खाली! तुजं वजन कोन लोखंड म्हनून घेनार हाय?" असं वाटून मी हातात चहा घेऊन थांबलो. गाडी निघून गेली. मी चहा प्यायलो. गार झाला होता.

तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. दाढ काढताना गाल बधिर करतात आणि मग आपण घरी येईपर्यंत हात लावून बघत राहतो, गाल आहे ना जागेवर, तसं माझं चाललंय. जेवतो, कामावर जातो, गाड्या भरून घेतो, सोसायटीच्या मीटिंगला पाण्याच्या टाकीवर भांडतोसुद्धा. सुनीता म्हणते, "अहो, एकदा रडून घ्या, मोकळे व्हाल." जसं काही ते माझ्या हातात आहे. म्हणून लिहायला बसलोय. वीस वर्षं तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता जरा तुम्ही ऐका.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी आलो तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. लोडिंग सुपरवायझर म्हणून पहिलाच दिवस, पहिलीच गाडी, आणि मी चिठ्ठीवर गाडीचा नंबर चुकून भलताच सांगितला. तुम्ही चिठ्ठी फाडलीत. नुसती फाडली नाहीत, चार तुकडे करून माझ्या तळहातावर ठेवलेत. "सातारकर, ज्या गारीचं वजन तिचाच नंबर. दुसऱ्या गारीचा नंबर लिवला तर ह्यो काटा कनाला पायजे?" मी कराडचा आहे, साताऱ्याचा नाही, हे मी तुम्हाला वीस वर्षं सांगत राहिलो. तुम्ही शेवटपर्यंत सातारकरच म्हणालात. पुढे एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याने एका गाडीचं वजन दुसरीच्या नंबरावर लिहायला सांगितलं, तेव्हा तुम्ही पेन खिशाला लावून केबिनबाहेर जाऊन बसलात. दोन तास बाजारात गाड्यांची रांग लागली. तुम्ही हलला नाहीत.

हे सगळं आत्ता सांगतोय कारण त्याच माणसाने आयुष्यातली एकच चिठ्ठी खोट्या नावावर लिहून घेतली, आणि ते नाव माझं होतं.

साडेतीन वर्षं झाली. बाजारात तपासणीचं शिबिर लागलं होतं. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, डोळे एका टेबलावर, शुगर दुसऱ्या टेबलावर, आणि शेवटच्या टेबलावर हा भलामोठा फलक: पन्नाशीच्या पुढचे पुरुष, लघवीचा त्रास, प्रोस्टेटची रक्त तपासणी. अक्षरं हायवेवरून वाचता येतील एवढी. तुम्ही सदुसष्ट वर्षांचे. सहा महिने मी बघत होतो, दर अर्ध्या तासाने तुम्ही केबिन सोडून मागच्या भिंतीकडे जायचात, आणि परत यायला दहा-दहा मिनिटं लागायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. मी म्हटलं, "दादा, चला. मीपण देतो, तुम्ही पण द्या."

"तिकरं? त्या फलकाखाली?" तुम्ही म्हणालात. "मना नाय उभं ऱ्हायाचं. गावचे आठ-धा जन हायत रांगेत. उंद्या गावभर होईल, हसुरामची खालची मशीन बंद परली."

मी हसलो. तुम्ही नाही हसलात. अर्ध्या तासाने, जेवणाच्या सुट्टीत मांडव रिकामा झाला तेव्हा तुम्हीच मला कोपराने ढोसून नेलंत. टेबलावरच्या मुलाने नाव विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग त्याला म्हणालात, "अविनाश कदम. वय एक्कावन्न." मोबाईल नंबरही माझाच दिलात, तोंडपाठ. मी काही बोलायच्या आत सुई दंडात होती. मग मी माझं रक्त दिलंच नाही. एकाच नावाच्या दोन बाटल्या कशा द्यायच्या?

मी त्याच वेळी "नाही" म्हणालो असतो तर तुम्ही स्वतःच्या नावाने रक्त दिलं असतं, की तसेच उठून गेला असतात? सतरा दिवस हाच एक प्रश्न मी चघळतोय. तुम्ही उठून गेला असतात, असं मला वाटतं. पण मला तसं वाटणं सोयीचं आहे, हेही मला कळतं.

तिसऱ्या दिवशी माझा फोन घरी चार्जिंगला होता आणि लॅबचा फोन सुनीताने घेतला. अविनाश कदम यांचा आकडा फार जास्त आलाय, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. मी घरी आलो तर ती हॉलमध्ये दिवा न लावता बसलेली. मी म्हटलं, लॅबची चूक असेल. ती म्हणाली, "मग परत द्या रक्त. उद्याच. मी येते सोबत." तुमचं नाव सांगायचं नाही, असं तुम्ही बजावलेलं. नवऱ्याला कॅन्सर असेल या भीतीत बायकोला रात्रंदिवस ठेवायचं आणि तोंड उघडायचं नाही, हे काम तुम्ही मला दिलंत. त्याबद्दल मी तुमच्यावर चिडलो होतो. अजूनही थोडा चिडलेला आहे.

सुनीताचं तोंड बंद व्हावं म्हणून सानपाड्याच्या लॅबमध्ये मी खरंच रक्त दिलं. माझाही आकडा वाढलेला निघाला. तुमच्याइतका नाही, थोडासाच, पण डॉक्टरांनी एमआरआय सांगितलं, मग बायोप्सी, आणि मग त्यांनी मला खुर्चीत बसवून शांतपणे सांगितलं की आहे, पण लहान आहे, आतल्या आत आहे, ऑपरेशन करून काढून टाकू. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. मला कसलाही त्रास नव्हता. लघवी धडधाकट, झोप धडधाकट. तुम्ही माझ्या नावावर रक्त दिलं नसतं तर मी आणखी पाच-सहा वर्षं तसाच गाड्या मोजत फिरलो असतो.

तुमच्या त्या पहिल्या डॉक्टरभेटीची आठवण आली की अजूनही हसू येतं. वाशीला गेलो होतो, माझ्या नावाचा रिपोर्ट घेऊन. बाहेर नर्सने हाक मारली, "कदम! अविनाश कदम!" तुम्ही पंख्याकडे बघत बसलेले. तिने तीनदा हाक मारली. मी तुम्हाला चिमटा काढला तेव्हा तुम्ही उठलात. डॉक्टरांनी कागद बघितला, तुम्हाला बघितलं, तुमचे पांढरे केस, तुमचा काळा रापलेला चेहरा. "वय एक्कावन्न?" त्यांनी विचारलं.

"उनात काम करतो, सायेब," तुम्ही म्हणालात.

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळालो. मग डॉक्टरांनी बायोप्सी लिहून दिली आणि येताना आधार कार्ड आणा म्हणाले. जिन्यावर तुम्ही थांबलात. "जल्ला, आदार मागतंय. आता काय करशील?" मी म्हटलं, आता काय, खरं सांगायचं, नाव बदलून घ्यायचं, त्यात काय एवढं. तुम्ही मान डोलावलीत.

आणि सात महिने तुम्ही परत गेला नाहीत. मी तेव्हा माझ्या ऑपरेशनमध्ये होतो. महिनाभर घरी, मग कामावर आलो तरी निम्मा जीव पँटच्या आतल्या पॅडमध्ये. तुम्हाला विचारलं की म्हणायचात, "जाऊन आलो, गोली दिली हाय." मी विश्वास ठेवला. ठेवायला नको होता. तुम्ही गोळी घेत होतात, पण ती कंबरदुखीची, मेडिकलमधून आणलेली. सात महिन्यांनी एक दिवस तुम्हाला केबिनच्या दोन पायऱ्या चढता येईनात, तेव्हा मी तुम्हाला रिक्षात घातलं आणि या वेळी कागदावर हसुराम गणपत पाटील लिहिलं. तोवर कॅन्सर हाडांत उतरला होता. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, सात महिन्यांपूर्वी आलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." ते हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते तर मला बरं झालं असतं.

त्यानंतरची पावणेतीन वर्षं आपली होती, दादा. बाजारातली माणसं आपल्याला बघून म्हणायची, ह्या दोघांचं काय एवढं चालतं केबिनमध्ये? तुमचा सुकटीचा आणि तांदळाच्या भाकरीचा डबा, माझा पोळीभाजीचा, आणि मध्ये असले विषय, जे मी सख्ख्या भावाशी बोललो नसतो. तुम्हाला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, पुरुषी हार्मोन बंद पाडणारं. त्याने तुम्हाला भर जानेवारीत घाम फुटायचा. गंजी ओली व्हायची. छातीला सूज आली तेव्हा तुम्ही शर्टाचं वरचं बटण लावायला लागलात. मला म्हणालात, "सातारकर, आता मना बाईमानसाचं दुःख कललं. आमची म्हातारी चालीस वर्सं बोलत व्हती, गरम व्हतंय, गरम व्हतंय, मी बोलायचो पंखा लाव." मग तुम्ही घरी जाऊन वहिनींसाठी खोलीत दुसरा पंखा लावून घेतलात. का लावला हे त्यांना सांगितलं नाहीत.

माझं वेगळंच चाललं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाला वाटतं, अजून सगळं आहे. ऑपरेशननंतर मी सुनीताकडे पाठ करून झोपायला लागलो. शिंक आली तरी भीती. तुम्हाला एकदा ते सांगितलं, मान खाली घालून. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "जिता हायेस ना? मंग तोंड कर तिच्याकरं. बाकीचं होईल तवा होईल." हे असलं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो. तुमचं ऐकलं. त्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. बरं झालं, दादा. हळूहळू बरं झालं.

सुनीताला मी ऑपरेशननंतर सगळं सांगितलं. ती आधी भांडली, मग रडली, मग म्हणाली, "त्या माणसाने खोटेपणा केला म्हणून तुम्ही वाचलात. आता मी त्यांच्यावर रागावू कशी, ते सांगा." दर इंजेक्शनच्या दिवशी ती तुमच्यासाठी नाचणीची खीर पाठवायची. तुम्हाला ती आवडत नव्हती, तुम्ही ती बाजारातल्या कुत्र्याला घालायचात, हेही मी तिला सांगितलेलं नाही.

आता भांडण. ते आपलं अर्धवट राहिलंय आणि मी ते सोडणार नाही.

डॉक्टरांनी माझ्यासमोर तुम्हाला विचारलं होतं, वडिलांना असलं काही होतं का? तुम्ही म्हणालात, "नाय, ते म्हातारपनान गेले." आणि महिनाभराने केबिनमध्ये, असंच बोलता बोलता तुम्ही सांगितलंत की तुमचे बाबा मिठागरावर होते, शेवटी कमरेतून मोडले, लघवी तुंबायची, अंथरुणातून उठता येईना, गाव म्हणालं करणी केली. मी विचारलं, वय काय होतं? "अठ्ठावन." मी डबा खाली ठेवला. अठ्ठावन्न म्हणजे म्हातारपण? मी म्हटलं, दादा, हे डॉक्टरला सांगायला हवं होतं. बाबांना, मग तुम्हाला. तुमचा रुपेश चाळीसचा झाला. त्याने आतापासून तपासायला हवं.

"रुपेशला सांगाचा नाय."

"का पण?"

"बापाचं हे पोराला सांगाचं? त्याची पोरगी आता धाव्वीला गेली. त्याला कनाला ह्या टेन्शनात टाकू? बोलेल, बाप मर्द नाय ऱ्हायला."

मी म्हटलं, मी नाही राहिलो का मर्द?  तुम्ही माझा हात धरलात, घट्ट, आणि म्हणालात, "घरान हाडाचा कॅन्सर बोललोय. तेच ऱ्हाऊं दे. तू नाय सांगनार. बोल." आणि मी "बरं" म्हणालो. दोन अक्षरं. तुमची फाइलसुद्धा मीच माझ्या सानपाड्याच्या कपाटात ठेवली, तुमच्या घरी नको म्हणून. हॉस्पिटलच्या कागदांवर मी तुमचा भाचा होतो. रुपेश विचारायचा, "काका, डॉक्टर काय बोलले?" आणि मी म्हणायचो, हाडांत आहे, इंजेक्शन चालू आहे. तेवढं खरंच होतं.

नंतर मी चार-पाच वेळा विषय काढला. दर वेळी तुम्ही खिडकीतून बाहेर बघून एखाद्या ड्रायव्हरला शिव्या घालायला लागायचात. शेवटचा काढला तो हॉस्पिटलात, तुम्हाला मॉर्फिन चालू असताना. म्हटलं, दादा, मी सांगू का त्याला? तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत, आणि विचारलंत, "गारी उतरली का?" कुठली गाडी, मला माहीत नाही. मी म्हटलं, उतरली. तुम्ही डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

दहाव्याला मी खाडीवर आलो होतो. गावची सगळी माणसं, तुमचे भाऊबंद, रुपेशने डोकं भादरलेलं. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकले. मी मनात म्हटलं, आता कावळा शिवणार नाही. आता बसा दुपारपर्यंत. तुमचं एवढं मोठं काम राहिलंय, तुम्ही अडून बसणार, आणि मग मला पुढे होऊन हळूच सांगावं लागणार की सांगतो, रुपेशला सांगतो, या आता. मी तयार होतो, दादा. आणि पिंड ठेवून दोन मिनिटं झाली नसतील, कावळा आला, सरळ पिंडावर. दोन घास घेऊन गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तुमचे चुलते म्हणाले, "हसुरामचं मन कुटं गुतलंच नवतं. सगलं करून गेला."

मला इतका राग आला. सतरा दिवसांत मला जे काही वाटलं असेल ते तेवढंच. कुठे गुंतलं नव्हतं? पोराच्या पोटात काय आहे, काय नाही, त्याची फिकीर नाही? सगळं माझ्यावर टाकून खाऊन मोकळे? मी तिथून चप्पल हातात घेऊनच निघालो. बांधावरून चालताना ठरवलं. तुम्ही मला बोलायला लावलेलं "बरं" मी त्या दिवशी परत घेतलं. तुमच्याशी खोटं वागलो असेन तर असेन.

बारावं-तेरावं होऊ दिलं. मग चौदाव्या दिवशी फाइल पिशवीत घालून द्रोणागिरीला गेलो. रुपेश कामाला आहे ते कंटेनर यार्ड तुम्हाला माहीत आहे, पूर्वी तुमचीच शेतं होती ती. गेटसमोर चहाची टपरी. दुपारची वेळ, ट्रेलर एकामागोमाग एक उभे. रुपेश हेल्मेट काढून आला, डोक्यावर नुसते खुंट. मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, रुपेश, दादांचा कॅन्सर हाडाचा नव्हता. प्रोस्टेटचा होता, तिथून हाडांत गेला. तुझ्या आजोबांनाही तोच असावा. मलाही झाला होता, वेळेवर सापडला म्हणून मी इथे चहा पितोय. तू रक्त तपासून घे.

त्याने फाइल उघडली. इंग्रजी त्याला येतं, यार्डात सगळं इंग्रजीतच असतं. तो पानं उलटत राहिला. पहिल्या पानावर माझं नाव असलेला रिपोर्ट होता, तो कुणाचा, ते मी सांगितलं. मग त्याने फाइल मिटली.

"तीन वर्सं तुमी आमच्या घरान जेवलात, काका," तो म्हणाला. "माज्या आईच्या हातचं."

  तो फाइल बगलेत मारून गेटमधून आत गेला. चहा तसाच. मी दोन्ही चहा संपवले आणि परत आलो.

दोन दिवस फोन नाही. मला वाटलं, तुम्हीही गेलात, तुमचं घरही गेलं. आज दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, आईला विचारलं. वहिनींना माहीत होतं, दादा. पहिल्या वर्षापासून. तुमचे कपडे धुणारी बाई, तिला काय कळणार नाही? रुपेशने विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाल्या, "तो सांगत नवता. मंग मी कनाला इचारू? त्याला वाटत व्हतं मना म्हाईत नाय, तर तेवरंच त्याला बरं." तुम्ही केबिनमध्ये शर्टाचं वरचं बटण लावत बसलेले आणि घरी त्या पंखा लावून न बोलता बसलेल्या. आणि मी तिसरा, कपाटात फाइल घेऊन. आपण तिघांनी मिळून रुपेशची तीन वर्षं घालवली.

मग रुपेश म्हणाला, "काका, टेस्ट करतो. पन इकरं नाय करनार. इकरं लॅबमदी सगली गावची पोरं हायत. तुमच्या सानपाड्याला येतो." मी म्हटलं, ये की. तर म्हणतो, "आनि काका... नाव तुमचं सांगितलं तर चालंल?"

 तुमचाच आवाज, दादा. तीच लाज, तीच युक्ती, त्रेचाळिसाव्या वर्षी. मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "एकदाच." मी म्हटलं, "रुपेश, ज्या गाडीचं वजन तिचाच नंबर. तुझ्या बापाने मला पहिल्या दिवशी शिकवलंय. त्याने स्वतः मोडलं, आणि मी मोडू दिलं. परत नाही." पलीकडे ट्रेलरचा हॉर्न वाजला. मग तो म्हणाला, "येतो सकाली."

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी तो आला. लॅबमध्ये गर्दी होती, पाच-सहा जण आमच्या पुढे-मागे, दोघी बायका, एक आजोबा, कॉलेजची एक मुलगी. रुपेश भिंतीवरची दरांची पाटी वाचत उभा राहिला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्याची मान घामेजली होती. मी त्याच्या बाजूला उभा होतो आणि मला वाटत होतं, आता हा वळेल आणि बाहेर जाईल. मी त्याला अडवणार नव्हतो. नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "कुठली टेस्ट?"

त्याने सांगितलं. हळू सांगितलं. तिला ऐकू आलं नाही, तिने परत विचारलं, त्याने परत सांगितलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. मागचे आजोबा त्याच्याकडे बघायला लागले.

"पूर्ण नाव?"

"रुपेश हसुराम पाटील."

"वडिलांचं नाव परत सांगा?"

"हसुराम," तो म्हणाला. "हसुराम."

मुलीने टाइप केलं. मशीनमधून चिकटपट्टी आली, तिने ती बाटलीवर चिकटवली आणि बाटली टेबलावर आडवी ठेवली. मला तिथून स्पष्ट दिसत होतं. ज्या रांगेत तुम्ही मरेपर्यंत उभे राहिला नाहीत, दादा, त्या रांगेत तुमचं नाव दोनदा घेतलं गेलं, मोठ्याने, भर गर्दीत, आणि काही झालं नाही. कुणी हसलं नाही. आजोबांनी पुढे सरकून स्वतःचा कागद दिला, आणि त्यांनाही तीच टेस्ट करायची होती.

रुपेश आत रक्त द्यायला गेला. मी बाहेर बाकावर बसलो. कॉलेजच्या मुलीने मला विचारलं, "काका, पाणी देऊ का?" मला कळेना, ही का विचारतेय. मी गालाला हात लावला तर ओला होता.

रिपोर्ट उद्या संध्याकाळी येईल. रुपेशच्या फोनवर येईल, माझ्या नाही.